दरीत राहिलेलं ‘नका’

ऑक्टोबरातली सकाळ. लोणावळ्याच्या बाजूचा एक कडा. गवत अजून हिरवं, पण शेंडे पिवळे पडायला लागलेले. कातळावरचं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटत होते. रॅपलिंगची, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याची, तयारी चाललेली. माथ्यावर, दोर जिथे पक्का बांधलेला त्या अँकरपाशी दोघं, आणि खाली पन्नासेक मीटरवर, दोराचं टोक हातात धरून एक जण. मधे दरीतून वर चढणारा वारा. दुसऱ्या दोराचं वेटोळं कड्याच्या काठावर आणून ठेवलेलं, आता फेकायचंच. तेवढ्यात वरच्याच्या हातातल्या सेटमधून, म्हणजे वॉकीटॉकीतून, खालच्याचा आवाज आला, “अजून दोर सोडू—” आणि खट् आवाज होऊन सेट गप्प झाला.

वरच्यानं शेजाऱ्याकडे बघितलं. “खालून विचारतोय, अजून दोर सोडू का.” आणि बटण दाबून उत्तर दिलं, “हो, सोड.”

सेटमधून खालचा ओरडला, “काय सोड? दादा, थांबा! थांबा!”

खालचा म्हणाला होता, “अजून दोर सोडू नका.” पायवाटेनं दोन अनोळखी पोरं चालत नेमकी कड्याच्या पायथ्याशी आली होती. साठ मीटरचा, साडेदहा मिलिमीटर जाडीचा दोर चार किलोच्या आसपास भरतो. तो पन्नास मीटरवरून डोक्यावर आला तर हेल्मेट असून काय होईल सांगता येत नाही, आणि त्या पोरांच्या डोक्यावर तर टोप्यासुद्धा नव्हत्या. वेटोळं काठावरच राहिलं, पोरं पुढे निघून गेली, काही घडलं नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे ते विसरलेही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. सेट चांगले होते, बॅटरी भरलेली होती, आवाज खणखणीत येत होता, बोलणाऱ्यानं अगदी बरोबर बोललं होतं आणि ऐकणाऱ्यानं जे कानावर पडलं त्याचा अगदी बरोबर अर्थ लावला होता. तरी तीन शब्द वर पोचले तेव्हा त्यांचा अर्थ उलटा झालेला होता.

मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला असतो. ‘येऊ नका’, ‘ओढू नका’, ‘पाय टाकू नका’. आपण आयुष्यभर असंच बोलतो आणि कधी अडत नाही, कारण समोरासमोर बोलताना वाक्याचं शेपूट तुटत नाही. हात हलतो, मान हलते, डोळे मोठे होतात. सेटवर यातलं काहीच जात नाही. हिंदीत ‘मत छोड़ना’ म्हणताना ‘मत’ आधीच पडून जातं. इंग्रजीतही नकार पुढे असतो, त्यामुळे तिथे धोका वाक्याच्या सुरुवातीला, बटण दाबायच्या घाईत. आपला धोका शेवटी, बटण सोडायच्या घाईत. कोकणीतही ‘नाका’ शेवटीच. शिवाय ‘सोडू नका’मधून ‘नका’ गळलं की उरतं ते ‘सोडू’. ते आज्ञेसारखं वाटत नाही, परवानगी मागितल्यासारखं वाटतं: सोडू? त्यात ‘अजून’ला दोन अर्थ. एक ‘एवढ्यात’, दुसरा ‘आणखी’. पूर्ण वाक्यात पहिला अर्थ लागतो, तुटलेल्या वाक्यात दुसरा. वरच्या दादांनी ‘हो, सोड’ म्हटलं यात त्यांची चूक काढायला जागाच नाही.

मग अंगठ्याकडे बघावं लागतं.

सेटच्या डाव्या कुशीला ते बटण असतं. वर रबराची कातडी, खाली धातूची छोटीशी वाटी. अंगठ्यानं दाबली की वाटी आत बसते, टिक् होतं, आणि सेट ऐकायचा थांबून बोलायला लागतो. बटणाचा सगळा प्रवास फार तर मिलिमीटरभर. तेवढाच प्रवास उलटा झाला की बोलणं बंद. आता कुणाचाही अंगठा नीट बघा. वाक्य सुरू होताना तो घट्ट असतो, नखाचा रंग पांढरा पडलेला. वाक्य उतरणीला लागलं की आवाजाबरोबर अंगठाही सैल पडतो. मनात वाक्य पुरं झालेलं असतं, तोंडातून शेवटचा शब्द अजून बाहेर पडायचा असतो, आणि हात आधीच दोराकडे परत निघालेला असतो. रॅपलिंगमध्ये हातात चामड्याचा मोजा असतो, त्यामुळे ती टिक् बोटाला कळतही नाही. मराठी वाक्याचा सूर शेवटी खाली येतो, ही आणखी एक अडचण. ‘नका’ मुळातच हळू उच्चारलं जातं. बटण वेळेआधी सुटलं नाही तरी ते वाऱ्याच्या आवाजात बुडण्याइतकं बारीक होतं. मोजे घालून काम करायचं असेल तर खांद्याच्या पट्ट्याला लावायचा स्पीकर-माइक घ्यावा, त्याचं बटण मोठं असतं. मात्र त्याची पिन सेटमध्ये शेवटपर्यंत बसली आहे ना ते बघायचं. अर्धवट बसलेली किंवा आत पाणी गेलेली पिन बटण न दाबताही सेट बोलता ठेवू शकते.

सुरुवातीचा शब्द वेगळ्या कारणानं जातो, आणि तिथे दोष बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या सेटइतकाच ऐकणाऱ्याच्या सेटचा असतो. बटण दाबल्याबरोबर लहरी निघतात असं वाटतं, पण ट्रान्समीटर जागेवर यायला क्षणभर लागतो. समोरचा सेट त्या वेळी डुलकी घेत असतो. बॅटरी वाचवण्यासाठी त्याचा रिसीव्हर सारखा चालू-बंद होत असतो. डोळा उघडून बघायचं, कुणी बोलत नसेल तर परत मिटायचा. नेमका मिटलेला असताना तुम्ही ‘थांबा’ म्हणालात तर ‘बा’ पोचतं. दोन्ही सेटवर टोन लावलेला असेल तर तो ओळखण्यात आणखी वेळ जातो. टोन म्हणजे आवाजाखाली सतत वाजणारा, कानाला न जाणवणारा खर्ज. ६७ हर्ट्झपासून अडीचशेच्या आसपासपर्यंत त्याचे ठरलेले आकडे आहेत. जेवढा खालचा टोन तेवढा तो ओळखायला उशीर, पाव सेकंदही जाऊ शकतो. पाव सेकंद म्हणजे मराठीतलं एक अक्षर आरामात. म्हणून बटण दाबायचं, एक श्वास आत घ्यायचा, मग बोलायचं. बोलून झालं की तोंड मिटायचं, आणि मग अंगठा उचलायचा. आधीचा श्वास बहुतेकांना कुणीतरी शिकवलेला असतो. नंतरचं तोंड मिटणं कुणी शिकवत नाही, आणि मराठी बोलणाऱ्याला त्याचीच जास्त गरज आहे.

सेट आदल्या रात्री घरी लावायचे असतात. कड्यावर, उन्हात, मेनूतल्या बारीक अक्षरांशी झटापट करायची वेळ येऊ नये. बॅटरी बसवताना तिचे आणि सेटचे पितळी टेकू कोरड्या कापडानं पुसावेत. मागच्या वेळचा घाम तिथे मीठ होऊन बसलेला असतो. बॅटरी जराशी जरी फुगलेली दिसली, सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगली, तर ती बाद. अँटेना बोटांनी फिरवून पूर्ण बसवायची, आणि ती बसल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. अँटेना नसताना बटण दाबलं की निघालेली शक्ती बाहेर जायला वाट न मिळाल्यानं परत सेटमध्येच येते आणि आतला शेवटचा ट्रान्झिस्टर जाळू शकते. परवानामुक्त सेटमध्ये अँटेना बहुधा कायमची बसवलेलीच असते, तेव्हा तिथे हा प्रश्न येत नाही. पण त्या अँटेनाला धरून सेट उचलायची सवय तिथेही वाईटच. मुळाशी तडा जातो, वरून काही दिसत नाही, आणि पल्ला मात्र गपकन कमी होतो.

मग मेनू. बॅटरी बचत बंद करायची. सेट दिवसभराऐवजी थोडा कमी चालेल, पण डुलकी घेणार नाही. आवाज ऐकून आपोआप सुरू होण्याची सोय, व्हॉक्स, बंद. ती वाऱ्यानं सुरू होते, आणि माणूस बोलायला लागल्यावर जागी होत असल्यामुळे पहिला शब्द तर हमखास खाते. एकाच वेळी दोन चॅनेल ऐकायची सोयही बंद, कारण उत्तर देताना आपण भलत्याच चॅनेलवर बोलत असू शकतो. टाइम-आउट साठ सेकंदांवर ठेवावा. पाठपिशवीत दोराखाली दबून एखाद्याचं बटण अडकून राहिलं तर तो एक सेट पूर्ण चॅनेल बंद पाडतो, आणि ज्याचा अडकलाय त्यालाच कळत नाही, कारण बोलत असलेला सेट काही ऐकत नाही. साठ सेकंदांनी सेट स्वतःहून गप्प झाला तर निदान इतरांना श्वास घेता येतो. स्क्वेल्च, म्हणजे कुणी बोलत नसताना खरखर दाबून धरणारा दरवाजा, जितका खाली ठेवता येईल तितका ठेवावा. तो फार वर नेला की खरखर जाते आणि तिच्याबरोबर लांबून येणारी क्षीण हाकही जाते.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘त्यांना माझं ऐकू येतं, मला त्यांचं येत नाही’ या तक्रारीत. त्यात दहातल्या नऊ वेळा ऐकायच्या बाजूचा टोन जुळत नसतो, असं मला तरी दिसत आलंय. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट एकत्र वापरताना ‘चॅनेल तीन, टोन आठ’ एवढ्यावर भागत नाही. एकाचा टोन आठ म्हणजे ८८.५ हर्ट्झ असेल, दुसऱ्याच्या यादीत आठव्या जागेवर दुसराच आकडा असेल. फ्रिक्वेन्सी आणि टोन दोन्ही खऱ्या आकड्यांत, कागदावर लिहून जुळवावे. टोनमुळे बोलणं खासगी होतं हा समज मात्र मनातून काढावा. टोन फक्त तुमच्या कानावर झाकण ठेवतो. बाकीच्यांचं बोलणं हवेत चालूच असतं, तुमचंही त्यांना ऐकू जातं, आणि त्यांच्या बोलण्याच्या मधोमध तुम्ही बटण दाबलंत तर दोघांचंही वाटोळं होतं. म्हणून टोन लावलेला असेल तर बोलण्याआधी मॉनिटरचं, म्हणजे टोनचं झाकण बाजूला करणारं, बटण दाबून चॅनेल खरंच मोकळं आहे का ते ऐकावं. कड्यावर, चॅनेल रिकामं असेल तर, टोन नकोच असं माझं मत. मग एक सेट घरात ठेवून दुसरा घेऊन निदान इमारतीच्या फाटकापर्यंत जायचं आणि दोन्ही बाजूंनी बोलून बघायचं. एकाच टेबलावर ठेवून चाचणी केली तर दोन सेट एकमेकांच्या इतके जवळ असतात की एकाच्या जोरानं दुसऱ्याचा कान बधिर होतो.

कुठला सेट, हेही तेव्हाच ठरलेलं असावं. आपल्याकडे हातातल्या सेटसाठी परवान्याविना मोकळा पट्टा आहे तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, शक्ती अर्ध्या वॅटपर्यंत, आणि सेटला सरकारची ईटीए ही मान्यता हवी. पाच वॅटचे, वाट्टेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलणारे काळे सेट स्वस्तात मिळतात म्हणून गटागटांतून दिसतात. पण त्या पट्ट्यांत पोलीस, अग्निशमन दल, समुद्रावरची जहाजं बोलत असतात, आणि तिथे परवान्याशिवाय बटण दाबणं हा गुन्हा आहे. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीवर नियमावली आणली ती याचसाठी. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढलेल्याला हॅमचे पट्टे मिळतात, तेही हॅमशीच बोलायला. साठ-सत्तर मीटरच्या कड्यासाठी पाच वॅट लागतही नाहीत. मधे डोंगर आला तर पाच वॅटही भिंतीवरच आपटतात, आणि मधे काही नसेल तर अर्ध्या वॅटला दरी ओलांडणं जड जात नाही.

जुन्या स्टेशनांवर सिग्नलचा हात असायचा. खांबावर लाल पट्टी, तिच्यापासून केबिनपर्यंत शेकडो मीटर तार. हात आडवा म्हणजे थांबा, खाली झुकला म्हणजे या. तार ओढली की हात झुकायचा आणि खांबाला लावलेलं वजन त्याला सतत परत आडवा करायला बघायचं. म्हणजे तार तुटली, गंजली, कुणी कापली, तरी हात आडवाच. गाडी उशिरा जाईल, पण थांबेल. हे ज्यांनी रचलं त्यांनी तार कधी तुटणार नाही अशी आशा केली नाही. तुटल्यावर काय उरेल याचा विचार त्यांनी आधी केला. ‘अजून दोर सोडू नका’ हे वाक्य त्या सिग्नलच्या नेमकं उलट बांधलेलं आहे. त्याची तार तुटली की हात झुकतो.

तुटलेल्या वाक्याची सगळ्यात मोठी किंमत टेनेरिफ या स्पेनच्या बेटावर, विमानतळाच्या धावपट्टीवर दिली गेली. २७ मार्च १९७७, धुक्यानं भरलेली दुपार. केएलएम या डच कंपनीचं जंबो जेट धावपट्टीच्या एका टोकाला, पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं त्याच धावपट्टीवर समोरून येतंय, आणि दोघांना एकमेकं दिसत नाहीत. केएलएमच्या सहवैमानिकानं सांगितलं की आम्ही आता टेकऑफवर आहोत. टॉवरनं उत्तर दिलं, “ओके”, मग दीड-दोन सेकंद थांबून, “टेकऑफसाठी थांबा, मी कळवतो.” त्याच क्षणी पॅन अ‍ॅमनंही बटण दाबून सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन बोलणी एकमेकांवर चढली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्पष्ट आलं, पुढचं सगळं एका किंचाळणाऱ्या शिट्टीत गेलं. दोन्ही विमानं आदळली. ५८३ माणसं गेली. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा नियम आला. विमानांच्या रेडिओवर निदान शिट्टी तरी वाजते, कारण तिथे एएम आहे. आपल्या हातातले सेट एफएमचे. दोघं एकदम बोलले की जो जोरात पोचतो तेवढाच ऐकू येतो आणि दुसरा माग न ठेवता नाहीसा होतो. बोललेल्याला वाटतं आपण सांगितलं. ऐकणाऱ्याला कुणी काही बोललं होतं हेच माहीत नसतं.

म्हणून शांततेला होकार समजायचं नाही.

आणि म्हणूनच सेटवरचं मराठी वेगळं बांधावं लागतं. ‘सोडू नका’ऐवजी ‘धरून ठेवा’. ‘येऊ नका’ऐवजी ‘थांबा, तिथेच थांबा’. शेपूट तुटून ‘धरून’ उरलं तरी हात घट्टच राहतो. उत्तर देणाऱ्यानंही ‘सोडत नाही’ म्हणायचं नाही, कारण त्याचंही ‘नाही’ शेवटीच लटकलेलं आहे, ‘धरलाय’ म्हणावं. नुसतं ‘रॉजर’ पुरत नाही. त्याचा अर्थ एवढाच की तुमचं बोलणं पोचलं. काय पोचलं ते त्यातून कळत नाही. त्या सकाळी वरच्यानं ‘अजून दोर सोडायचा, बरोबर?’ असं परत म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच उघडी पडली असती.

सेटचा कान माणसाच्या कानापेक्षा अरुंद असतो. साधारण तीनशे ते तीन हजार हर्ट्झ एवढंच तो पुढे नेतो. आपल्या ‘स’ची सगळी धार त्याच्या वर, चार हजारांच्या पलीकडे. म्हणजे सेटवर ‘स’ जवळजवळ बोथट होऊनच पोचतो. आता ‘साठ’ आणि ‘आठ’ बोलून बघा. वाऱ्यात, दरीत, ‘साठ मीटर’चं ‘आठ मीटर’ व्हायला काहीच लागत नाही. ‘सहा शून्य’ असे आकडे सुटे सांगावेत. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीचा घोळही त्यानंच मिटतो. पण हे तर काहीच नाही. दोराच्या कामातले आपले दोन मुख्य शब्द ‘सोडा’ आणि ‘ओढा’. ‘सोडा’चा ‘स’ काढा. जे उरतं ते आणि ‘ओढा’ यांच्यात फरक फक्त ‘ड’ आणि ‘ढ’चा, आणि शब्दाच्या मधला ‘ढ’ आपण समोरासमोर बोलतानाही पुरता उच्चारत नाही. अगदी उलट अर्थाचे दोन हुकूम सेटवर सख्खे जुळे होऊन येतात. यातला एक तरी शब्द सेटवरून हद्दपार केलाच पाहिजे. ‘ढील द्या’ आणि ‘खेचा’ ही जोडी चांगली. पतंग उडवलेल्या कुणालाही ‘ढील’ समजावून सांगावी लागत नाही, आणि दोन शब्दांत एकही अक्षर सारखं नाही.

ओरडल्यानं यात सुधारणा होत नाही. एफएम सेटमध्ये आवाज ठरावीक मर्यादेपुढे कापला जातो. ओरडलेला शब्द फाटून पोचतो, लांब जात नाही. माइकचं भोक तोंडापासून चार-पाच बोटांवर, जरा तिरपं धरावं, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फुंकर त्यावर बसत नाही. वाऱ्याकडे पाठ करावी. पावसात माइकच्या भोकात थेंब बसला की आवाज उशीतून आल्यासारखा होतो. सेट उलटा धरून झटकला की येतो ताळ्यावर. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत अँटेनासकट सेट घालून तोंड बांधलं तरी लहरींना काही अडत नाही.

कड्यावर आणखी एक गोष्ट आहे, जी सपाटीवर कधी लक्षात येत नाही. उभ्या अँटेनातून लहरी आडव्या पसरतात, मेदूवड्यासारख्या. अँटेनाच्या शेंड्याच्या रेषेत जवळजवळ काहीच जात नाही. सपाटीवर हे सोयीचं. पण रॅपलिंगमध्ये समोरचा माणूस नेमका पायाखाली असतो, म्हणजे वड्याच्या भोकात. वरचा काठावर सेट उभा धरून बोलतो, खालचा मान वर करून उभा धरून ऐकतो, आणि पन्नास मीटरवर आवाज तुटतो, जो किलोमीटरभर लांबच्या माचीवर स्वच्छ जात असतो. तिथे दोघांनी सेट आडवे करायचे, आणि आडवे करताना एकमेकांना समांतर, दोघांच्या अँटेना कड्याच्या कडेच्या रेषेत. एकानं उभा आणि एकानं आडवा धरला तरी जोर खूप घटतो. काठापासून दोन पावलं मागे सरकलं की कातळच मधे येतो, त्यामुळे सेटवाला काठाशी हवा, आणि काठाशी असेल तर तोही अँकरला बांधलेला हवा. सेट सांभाळण्याच्या नादात स्वतःला बांधायचं विसरणारी माणसं असतात, ते बघून पोटात गोळा येतो. सेटलाही दोरी हवी. खाली माणूस आहे.

खोक्यावरच्या ‘दहा किलोमीटर’वर फार विसंबू नये. दीड मीटर उंचीवरच्या अँटेनाचं रेडिओचं क्षितिज सपाटीवर पाचेक किलोमीटरवर असतं, दोघांचं मिळून दहा. आकडा तिथून येतो. सह्याद्रीत सपाटी कुठे आहे? ओलं गच्च रान या फ्रिक्वेन्सीला बरंच गिळून टाकतं. डोंगरातल्या अरुंद नाळेच्या वळणामागे शंभर मीटरवर आवाज गेला आणि समोरच्या धारेवर तीन किलोमीटरवर पोचला, असं होतच राहतं. आवाज तुटला तर आधी दोन पावलं बाजूला व्हावं, सेट डोक्याच्या वर धरावा. कमरेला लावलेल्या सेटची बरीच ताकद आपलंच शरीर शोषून घेतं.

घाटात रस्त्याचं काम चालू असलं आणि सुरुंगाची पाटी दिसली की मात्र सेट बंद, पुरता बंद. विजेच्या डेटोनेटरच्या तारा अँटेनासारखं काम करू शकतात. पेट्रोल भरताना बटणही नको आणि बॅटरी बदलणंही नको. ढग गडगडायला लागले की अँटेना डोक्यावर धरून काठावर उभं राहण्याचं काही कारण उरत नाही. काम थांबवून खाली उतरायचं. बोलताना अँटेना डोळ्यांपासून, चेहऱ्यापासून लांब असावी, लहान मुलांच्या हातात सेट देताना तर नक्कीच. गाडीच्या काचेमागे उन्हात सेट ठेवू नये, आणि चार्जरवर असताना त्यावरून बोलू नये.

त्या दिवशी पोरं निघून गेल्यावर वरचे दादा थोडा वेळ काठावर बसून राहिले. मग त्यांनी सेट तोंडाजवळ घेतला आणि खालच्याला सांगितलं की इथून पुढे ‘नका’ म्हणायचं नाही. थांबायचं असेल तर नुसतं ‘थांब’, दोनदा. दोर फेकायला हरकत नसेल तर ‘खाली मोकळं’. आणि जोवर ‘खाली मोकळं’ येत नाही तोवर वेटोळं जागचं हलणार नाही. खालच्यानं ते तिन्ही शब्द परत म्हणून दाखवले. संध्याकाळी शेवटचा माणूस उतरायच्या आधी खालून आवाज आला, “खाली मोकळं. खाली मोकळं.” त्यानंतर लगेच खट् झालं नाही. एक क्षण नुसता वारा ऐकू येत राहिला, खालचा, झाडीतला, आणि त्यात कुणाच्या तरी श्वासाचा आवाज. मग बटण सुटलं.